पावणेतीन तोळ्यांची दोरी

"ही काठी कपडे वाळत घालायला बेस्ट आहे, मॅडम."

नीलिमाने मागे वळून पाहिलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधलं लछूशेठचं दुकान एवढंसं, आणि तिच्या हातातली काठी अकरा फूट. तीन तुकडे एकमेकांत बसवून तिने ती उभी केली, तर छपराला लागली. म्हणून आडवी केली, आणि आता तिचं बारीक टोक दुकानाबाहेर, गल्लीत, कुणाच्या तरी नाकासमोर डुलत होतं. बोलणारा तोच होता.

"कपडे वाळत घालायला दोरी लागते," ती म्हणाली. "आणि ह्या काठीची दोरी त्यातच संपली. म्हणून तर इथे यावं लागलं."

खरंच तसं झालं होतं. नीलिमाचे बाबा, दिनानाथ, अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. तिथे मशीन बसवायला आलेला एक स्कॉटिश इंजिनियर दर रविवारी त्यांना घेऊन नदीवर जायचा. परत जाताना त्याने आपली मासेमारीची काठी बाबांना दिली. एका हाताने चालवा नाहीतर दोन्ही हातांनी, अशी ती काठी. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात साखळी तुटून लोखंड बाबांच्या उजव्या खांद्यावर आलं. कारखान्याने हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. माणसाचा खांदा गेला की त्याला वेळ कळावी असं वाटत असेल साहेब लोकांना. बाबा त्या घड्याळाखाली बसून राहिले. नदीचं नाव नाही. आणि काठीची ती जाड, गुळगुळीत दोरी नीलिमाच्या आईला, माईला, कपाटात सापडली, चांगली मजबूत दिसली, म्हणून तिने गॅलरीत बांधली. दोन उन्हाळे टॉवेल, परकर, चादरी. शेवटी दोरीला तडे गेले आणि ती बांगडीसारखी तुकड्या-तुकड्यांनी तुटली.

दोन हातांनी धरली तर खांद्यावर कमी जोर येईल, हे नीलिमाला परवा सुचलं होतं. दोरी मात्र नव्हती.

"बेटी, तंगूस ले जा ना," लछूशेठ म्हणाले. "बीस नंबर. साईं, हाथी नहीं तोड़ेगा."

"दाखवा बरं," गल्लीतला माणूस आत आला. तिशीच्या आतला, सावळा, शर्टाच्या बाह्यांवर वितळलेल्या प्लॅस्टिकचे हिरवे ठिपके. त्याने विचारलंही नाही. काठी घेतली, कड्यांतून तो नायलॉनचा तंगूस ओवला, गल्लीत जाऊन सपकन फिरवली. तंगूस हवेत गेला, जरा विचार केला, आणि त्याच्याच डोक्यावर येऊन पडला.

नीलिमा हसली. हसायचं नव्हतं, पण हसली.

"हसा, हसा. काठी बिघडलेली हाय तुमची."

"काठी ठीक आहे. साध्या गळाला शिसं असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे उलटं असतं. गळाला नुसती पिसांची माशी बांधतात, तिला वजनच नसतं. म्हणून दोरी जड हवी. दोरी माशीला घेऊन जाते."

त्याने केसातला तंगूस काढता काढता विचार केला. "म्हणजे वरातीत नवरा हलका आन् घोडा भारी."

"तसंच काहीसं."

"आमच्यात नेहमीच तसं असतं," तो म्हणाला. मग काठीचं टोक वाकवून बघत राहिला. हात एकदम हळू झाला त्याचा, लहान मुलाचं बोट धरावं तसा. "मी वायरच्या कारखान्यात मशीन चालवतो. कॅम्प पाचला. तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिक चढवायचं. तारेच्या जागी नायलॉनची विणलेली दोरी घातली तर... चढेल. किती वजन पायजे?"

"माहीत नाही."

"मग म्हाईत करा. हरिचंद्र भोईर, बदलापूर. लछूशेठकडे निरोप ठेवा."

ती अंबरनाथला पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं, त्याने तिचं नाव विचारलंच नव्हतं. याचा तिला राग का यावा, हे काही तिला कळेना.

काठीच्या मुठीजवळ त्या स्कॉटिश साहेबाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोरीचे पुढचे तीस फूट, पाचशे ग्रेन. बाबांनी ते वाचलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा घड्याळाकडे पाठ केली. "एकशे ऐंशी ग्रेनचा तोळा," ते म्हणाले. "पावणेतीन तोळे धर. काटेकोर हवं. कमी भरलं तर काठी वाकत नाही, जास्त झालं तर मोडते."

"पावणेतीन तोळ्यांत मुलीच्या बांगड्या होतात," माई आतून म्हणाली.

माईच्या डोक्यात त्या दिवसांत बांगड्याच होत्या. श्यामकांतचं स्थळ आलं होतं. मस्कतला नोकरी, स्वतःच्या बहिणींची लग्नं स्वतः केलेला, पत्रात शुद्धलेखन नीट. दिवाळीला तो सुट्टीवर यायचा होता, आणि होकार की नकार ते दसऱ्यापर्यंत कळवायचं होतं. पत्रिकेत अठ्ठावीस गुण जुळले होते. नीलिमा एका औषधांच्या कंपनीत लॅब असिस्टंट होती. दिवसभर काटा बघून मिलीग्राम मोजणाऱ्या मुलीला "अठ्ठावीस" हा आकडा कशाचा, हे विचारावंसं वाटे. पण विचारलं नव्हतं. नकार द्यायला कारण लागतं, आणि तिच्याकडे कारण नव्हतं.

ते कारण श्रावणाच्या मध्याला घरी आलं. बेल वाजली, दारात हरिचंद्र; लछूशेठकडे तिने ठेवलेल्या निरोपात वजनही होतं आणि पत्ताही. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हिरवं वेटोळं.

"आडनाव काय म्हणालात?" माईने विचारलं.

"भोईर."

"असं होय." आणि पाणी आलं ते कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या पेल्यातून. फडताळात स्टीलचे बारा पेले होते. आडनाव कळलं की माणूस कळला असं मानणारी अख्खी कॉलनी होती ती, आणि ज्यांच्या भातशेतीवर ती कॉलनी उभी होती त्यांची आडनावं तिला पाठ होती, पेला निवडण्यापुरती.

हरिचंद्रने पेल्याकडे पाहिलं. नीलिमाने त्याला पाहताना पाहिलं. त्याने सगळं पाणी पिऊन टाकलं.

"गोड आहे पाणी," तो म्हणाला. "आमच्या आजोळचं."

"काय?"

"आईचं माहेर बारवीच्या धरणात गेलं, माई. आंब्याची बाग होती म्हणते. तेच पाणी तुमच्या नळाला येतं. आमच्या पाड्यावर अजून विहीर हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. नीलिमा उठली, आत गेली, स्टीलचा पेला भरून घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याला तहान नव्हती हे तिला दिसत होतं. तरी तो तोही पेला प्याला, सावकाश, तिच्याकडे बघत. माई देव्हाऱ्यातली फुलं सारखी करत राहिली.

रविवारी तिघं बदलापूरला नदीवर गेले. पाऊस आदल्या दिवशी पडून गेला होता, आभाळ नुसतं भरून होतं, आणि नदीवरून ओल्या गवताचा वास येत होता. हरिचंद्रने बाबांना खडकावर उभं केलं.

"डावा हात खाली, काका. खालचा हात ओढणार, वरचा नुसती साथ देणार. उजव्याला सांगा, तू आज पाहुणा."

बाबांनी काठी मागे नेली, पुढे आणली. हिरवी दोरी सुटली... लांब, सरळ, एखादी ओळ लिहावी तशी. आणि मग दोरी पाण्यावर पडली आणि गप्पकन बुडाली. पुन्हा फेकायची तर बुडलेली दोरी आधी पाण्याबाहेर उचलावी लागते. बाबांनी उचलायला पाहिलं. खांद्यात कळ गेली. चेहरा पांढरा पडला.

"तरंगली पाहिजे रे," ते दात आवळून म्हणाले. "वजन हवं, आणि बुडायलाही नको. साहेबाची तरंगायची."

"भारी पण बुडणार नाय," हरिचंद्र पुटपुटला. "अशी बाई एकच पाहिली मी. माझी आई."

परतताना तो तिच्या बरोबरीने चालत होता, पण हातभर अंतर ठेवून. बांधावर वाट अरुंद झाली, तेव्हा तो बांध सोडून चिखलात उतरला. ती वर, तो खाली. "इथे या ना," ती म्हणाली. "वाट दोघांपुरती आहे."

"कोण बघेल."

"बगळे."

तो आला. बगळ्यांनी काही तक्रार केली नाही.

पुढचे रविवार असेच. बाबा खडकावर बसून नदीकडे बघायचे, हरिचंद्र नवी दोरी आणायचा, ती कधी बुडायची, कधी तुटायची. तिसऱ्या रविवारी नीलिमाने आदल्या दिवशी केस धुतले. शनिवारी केस धुवू नयेत, माई म्हणाली. चौथ्या शनिवारीही तिने धुतले.

आणि मग मस्कतहून पार्सल आलं. कुणाकडून तरी श्यामकांतच्या कानावर गेलं होतं की होणाऱ्या सासऱ्यांना दोरी हवी आहे. त्याने फोनवर काठीचा नंबर विचारला, माईने चष्मा लावून वाचला, आठ. त्याने आठ नंबरची दोरी पाठवली. विलायती, पांढरी, चकचकीत डबीत, चिठ्ठीसकट. चिठ्ठीत काही वाईट नव्हतं. माणूसच वाईट नव्हता. हीच तर अडचण होती.

"बघ," माई म्हणाली. "काठी आठ नंबर, दोरी आठ नंबर. ह्याला म्हणतात जुळणं. आणि तो तुझा वायरवाला दोन महिने प्लॅस्टिक उकळतोय."

"माझा नाहीये तो," नीलिमा म्हणाली, आणि कान तापले तिचे.

ती दोरी घेऊन बाबा नदीवर गेले. हरिचंद्रही आला. डबी हातात घेऊन त्याने नुसता अंगठा फिरवला दोरीवर. "मक्खन आहे," तो म्हणाला. बास, एवढंच. बाबांनी फेकली. काठी वाकलीच नाही. उभ्या माणसाने नमस्कार न घेता निघून जावं, तशी ताठ. दोरी पुढ्यातच गोळा झाली. पुन्हा. पुन्हा. तरंगत मात्र सुरेख होती.

सोमवारी नीलिमाने ती लॅबच्या काट्यावर ठेवली. पुढचे तीस फूट, साडेतेरा ग्रॅम. तोळ्याच्या किंचित वर. काठीला हवे होते बत्तीस ग्रॅमच्या वर. बाबा म्हणाले, एका हाताच्या काठीचा आठ वेगळा आणि दोन हातांच्या काठीचा आठ वेगळा. डबीवर ते कोणी लिहीत नाही. दुकानदारालाही बहुधा माहीत नसतं. वजन करून बघावं लागतं.

हे तिला हरिचंद्रला सांगायचं होतं. पण पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने लछूशेठकडे निरोप ठेवला. लछूशेठ तराजू पुसत म्हणाले, "वो बोला, मॅडम के घर में अच्छी डोरी आ गई है. फॉरेन की." मग चष्म्यावरून बघत, "बेटी, मैं चालीस साल से रस्सी बेचता हूँ. अच्छी रस्सी वो, जो तेरा बोझ उठाए. डब्बा तो मैं भी छपवा लूँ."

दसऱ्याला आठवडा राहिला. त्या गुरुवारी ती लॅबमधून सुटली, तर कंपनीच्या गेटबाहेर पिंपळाखाली हरिचंद्र उभा. रिमझिम होती, परतीच्या पावसाची. त्याने डोक्यावर प्लॅस्टिकच्या दाण्याची रिकामी गोणी घेतली होती आणि शर्टाच्या आत काहीतरी धरलं होतं.

"हे द्यायचं होतं. शेवटचं." पोपटी वेटोळं. "मग मी मोकळा, तुम्ही मोकळ्या."

"दोन रविवार कुठे होतात?"

"फोरमनच्या शिव्या खात होतो." तो हसला, पण अर्धाच. "पावसाळ्यात प्लॅस्टिकचा दाणा ओला झाला ना, की वायरवर बुडबुडे येतात. तो माल रिजेक्ट. वायर उकिरड्यावर. मागच्या महिन्यात मोठा पाऊस झाला, कारखान्यामागचं गटार भरलं... आन् बघतो तर सगळी रिजेक्ट वायरची साल पाण्यावर तरंगतेय. बदकासारखी. बुडबुड्यांनी. मी दोन वर्षं ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तेच पायजे होतं तुमच्या बाबांना."

"मग मुद्दाम दाणा ओला केलात?"

"गोणी उघडी ठेवली चार रोज. बुडबुडे आले की वजन जातं, म्हणून जाडी वाढवली. दोरी हळू ओढली की थर जाड बसतो, भरभर ओढली की बारीक. पुढे जाड, मागे बारीक. पावलं मोजून चाललो मशीनपासून भिंतीपर्यंत, सप्तपदीसारखा..." तो थांबला. शब्द तोंडातून निघून गेला होता. दोघंही पिंपळाच्या मुळाकडे बघू लागले.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"आत. काट्यावर."

गेटवरच्या वॉचमनला तिने सांगितलं, सॅम्पल आणलंय. खोटं नव्हतं ते. लॅबमध्ये सगळे गेले होते. तिने वेटोळ्यातले पुढचे तीस फूट मोजून काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवले, दार लावलं. आकडे नाचले, थांबले. बत्तीस पूर्णांक चार.

"पाचशे ग्रेन," ती हळूच म्हणाली. "बरोब्बर."

"काटा मोडलेला असेल."

"हरिचंद्र."

पहिल्यांदा तिने नुसतं नाव घेतलं. त्याने काट्याकडेच बघत राहायचं ठरवलं. "बाबांना सांगा, मागे नेताना थोडं थांबायचं. दोरी पूर्ण मागे जाऊ द्यायची. घाई केली की फटका बसतो." मग गोणी झटकत, "दिवाळीला येणार ना ते... मस्कतवाले?"

"येणार आहेत."

"बरं," तो म्हणाला, आणि गोणी डोक्यावर घेऊन पावसात गेला.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी माईही नदीवर आली. तिला उत्तर हवं होतं आणि बाबा हल्ली घरात सापडत नव्हते. खडकावर सतरंजी टाकून, डबा उघडून ती बसली. नीलिमाने पाड्यावर एका पोरीकडून निरोप धाडला होता, काकांनी बोलावलंय. हरिचंद्र आला, पण लांब, करंजाच्या झाडाखाली उभा राहिला.

बाबांनी काठी घेतली. डावा खाली, उजवा वर. पोपटी दोरी मागे गेली. ते थांबले. काठी भरली, वाकली, अशी वाकली की जणू कुणी तिचं बऱ्याच दिवसांनी ऐकून घेत होतं. मग पुढे. दोरी नदीवरून गेली, गेली, पलीकडच्या सावलीत हलकेच उतरली आणि पाण्यावर तरंगत राहिली. बाबांनी ती उचलली. सहज. पुन्हा फेकली. पाचव्यांदा, सहाव्यांदा. मासा लागला नाही, कुणाला त्याची आठवणही नव्हती. बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचे दोन्ही हात रिकामे नव्हते.

माईने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, त्यांना उद्या कळवायचं आहे. मुलगा चांगला आहे. अठ्ठावीस गुण जुळतात."

"नंबर तर त्या दोरीचाही जुळला होता, माई," बाबा नदीकडे बघत म्हणाले. "वजन करून कुणी बघितलं?"

आणि ते लेकीकडे वळलेच नाहीत. वळायची गरज नव्हती. नीलिमा उठली होती.

करंजाखाली तो काडीने मातीत रेघा ओढत होता.

"मस्कतला नदी असते का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नसते म्हणतात."

"मग जाऊ नका."

"एवढंच कारण?"

"दुसरं हाय. पण..." काडी मोडली. "माझ्या तोंडी शोभत नाय ते. तुमच्याकडे पेले वेगळे असतात."

ते तिला लागलं. लागायलाच हवं होतं. "बारा आहेत स्टीलचे," ती म्हणाली. "ॲल्युमिनियमचा मी पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. माई अजून शोधतेय."

त्याने वर पाहिलं.

"आणि मी सहा शनिवार केस धुतले," ती घाईने, एका दमात म्हणाली, थांबली असती तर बोललीच नसती. "माईचं ऐकून घेत. रविवारी नदीवर यायचं म्हणून. आता तुला अजून काय वजन करून दाखवू मी?"

त्याने मोडलेली काडी खाली ठेवली. मग सावकाश म्हणाला, "वास येतो. शिकेकाईचा. पहिल्या रविवारपासून... मना वाटायचं, नदीकडनं येतो."

"पहिल्या रविवारी धुतले नव्हते."

"मग तो तुझाच."

हातभर अंतर होतं. या वेळी चिखलात कुणी उतरलं नाही. तिने त्याच्या बाहीवरचा प्लॅस्टिकचा हिरवा ठिपका नखाने खरवडला. निघाला नाही. बोट मात्र तिथेच राहिलं.

"अहो भोईर," खडकावरून माईची हाक आली.

दोघं दचकले. माई डबा बंद करत होती, त्यांच्याकडे न बघता. चेहरा अजून फुगलेला होता. एका रविवारात तो उतरणार नव्हता, एका वर्षातही कदाचित. पण ती म्हणाली, "माझी कपड्यांची दोरी तुटून तीन महिने झाले. सगळे दोरीच्याच मागे लागलेत, आणि माझे टॉवेल खुर्चीवर. तुमच्या कारखान्यात मिळेल का एखादी?"

"मिळेल की. उद्याच आणतो, माई."

"उद्या नको. दसऱ्याला आणा." माईने डब्याची कडी लावली. "जेवायच्या वेळेला."